अडतीस सेकंद

१

घड्याळमास्तर सापडले ते जुन्या डाकघराच्या मागच्या लोखंडी जिन्याच्या तळाशी. एक पाय दुसऱ्या पायरीवर अडकलेला, डोकं फरशीवर, आणि उजव्या हाताची मूठ घट्ट आवळलेली. पुतणी त्यांना चहाला बोलवायला गेली तेव्हा दहाला दहा मिनिटं कमी होती. वेळ तिनं पाहिली होती. काकांच्या हाताखाली आठ वर्षं काढलेली मुलगी. वेळ पाहिल्याशिवाय ती रडलीही नसती.

फौजदारबाई पोचल्या तेव्हा डॉक्टर हात पुसत होते आणि सायकल शर्यतीचे मुख्य पंच येरझाऱ्या घालत होते.

“सत्तरीचा माणूस, गंजका जिना. पाय घसरला,” पंच म्हणाले. “वाईट झालं. पण बाई, बारा वाजता पहिला सायकलपटू सुटणार आहे. शहाण्णव जण आहेत. शर्यत थांबवता येणार नाही.”

“मी थांबवा म्हटलंय का?” बाई म्हणाल्या आणि डॉक्टरांकडे वळल्या. “पडल्या पडल्या गेले?”

“नाही.” डॉक्टरांनी नजर खाली वळवली. “निदान पाच मिनिटं जीव होता. कुणी हाक ऐकली असती, तर कदाचित वाचलेही असते.”

हवालदारानं मास्तरांची मूठ हलकेच उघडली. आत वहीच्या पानाचा फाटका कोपरा होता. बाकीचं पान जिन्यावर नव्हतं, अंगणात नव्हतं, मास्तरांच्या खिशात तर नव्हतंच.

“पाय घसरलेला माणूस कठडा धरतो,” बाई म्हणाल्या. “कागद धरत नाही.”

२

मास्तरांची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. खिडकी बरोबर अंतिम रेषेवर उघडणारी. टेबलावर दोन कॅमेरे, तीन घड्याळं, एक टोकदार पेन्सिल. वहीचं शेवटचं पान फाडलेलं होतं. पुतणी खुर्चीत न बसता भिंतीला टेकून उभी होती.

“मला सायकलींमधलं ओ की ठो कळत नाही,” बाई म्हणाल्या. “लहान मुलाला सांगतात तसं सांग.”

मुलीनं डोळे पुसले. सांगायला काहीतरी मिळालं म्हणून तिला बरंच वाटलं असावं.

“सात दिवसांची शर्यत आहे. रोज एक टप्पा. रोजचा वेळ बेरजेत धरायचा; ज्याची बेरीज सगळ्यांत कमी, तो पुढे. त्याला पिवळी जर्सी. पहिल्या येण्याचे गुण मोजतात, त्याची हिरवी. घाट आधी चढणाऱ्याची ठिपक्यांची. आणि पंचविशीच्या आतल्यांमध्ये ज्याची बेरीज कमी, त्याला पांढरी.”

“म्हणजे चार जण, चार जर्स्या.”

“तसं नाही. सध्या धाकटा म्हणून एक पोरगा आहे, बाविशीचा. सगळ्यांतही पहिला, तरुणांतही पहिला. पिवळी आणि पांढरी दोन्ही त्याच्याच. पण अंगात एकच घालता येते, मग मोठा मान पिवळीचा. पांढरी रिकामी राहू नये म्हणून ती तरुणांतल्या दुसऱ्याला घालायला देतात. उसनी. तो चिमणी.”

“चिमणी?”

“बारीक आहे म्हणून. एकूणातही तो दुसराच आहे, धाकट्याच्या मागं एकवीस सेकंद. काल त्यानं इथं येऊन काकांशी भांडण केलं. सगळ्यांनी ऐकलं.”

भांडण झालं होतं ते धाकट्याच्या पडण्यावरून. शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये कुणी पडला, तर मागं राहिला तरी त्याला त्याच्या घोळक्याचाच वेळ देतात, असा नियम. तीन किलोमीटरच्या खुणेला कमान उभी करतात. धाकटा काल पडला, घोळक्यामागून अडतीस सेकंदांनी पोचला, पण कमानीच्या आत पडला म्हणून त्याचे अडतीस सेकंद माफ झाले. चिमणीचं म्हणणं होतं, तो कमानीच्या अलीकडेच पडला.

“मग खरं काय?”

“तिथं कॅमेरा नव्हता. धाकट्याचा थोरला भाऊ जादा चाक घेऊन रस्त्याच्या कडेला उभा होता. त्यानं सांगितलं, कमानीनंतर पडला. पंचांनी मानलं.”

बाईंची नजर कोपऱ्यात गेली. तिथं काठीला बसवलेलं एक छोटं चाक उभं होतं. रस्त्यावरून ढकलत नेलं की मीटर मोजणारं. चाकाला ओला चिखल होता, आणि खाली पाहिलेल्या मास्तरांच्या बुटांनाही तसाच.

“हे काल वापरलं होतं?”

“काल नाही.” पुतणी पुढं झाली. “आणि काका वापरून झालं की आकडा शून्यावर आणायचे. कधी म्हणजे कधी विसरायचे नाहीत.”

चाकावरच्या खिडकीत आकडा होता : तीन हजार दोनशे चाळीस.

मुलगी त्या आकड्यापाशी वाकली. “पहाटे अंतिम रेषेपासून चालत जाऊन मोजून आले,” ती हळूच म्हणाली. “साडेदहाला पंचांची बैठक होती. दाखवायला तसाच ठेवला आकडा. बाई, धाकटा दोनशे चाळीस मीटर अलीकडे पडला होता. अडतीस सेकंद त्याच्या बेरजेत धरले, तर आज पिवळी त्याची नाही. चिमणी सतरा सेकंदांनी पुढे.”

३

डाकघराच्या गल्लीच्या तोंडाशी अडथळा होता आणि तिथं रखवालदार.

“निळा पास असल्याशिवाय माशीसुद्धा आत जात नाही,” तो म्हणाला. “काल संध्याकाळी पिवळीवाल्याच्या सख्ख्या भावाला मी परत पाठवला. हिरवा पास, फक्त गाड्या लावायच्या मैदानाचा. म्हटलं, असशील भाऊ, पास दाखव.”

“आज सकाळी?”

“पंच आत गेले. ही पुतणी. झाडूवाली. आणि साडेनवाच्या सुमाराला एक सायकलपटू. हेल्मेट, काळा चष्मा, पांढरी जर्सी.”

“त्याचा पास पाहिला?”

“जर्सीवाल्यांना अडवायचं नाही, असा वरून हुकूम आहे. त्यांना सारखं कुठं ना कुठं बोलावतात. दहा-बारा मिनिटांत बाहेर पडला. चिमणीच तो, दुसरा कोण? पांढरी त्याच्याच अंगावर असते.”

झाडूवाली मागच्या अंगणात नळाशी बसली होती. तिनं त्याला पाठमोरा पाहिला होता, जिना चढताना. मग ती पुढच्या बाजूचे जिने धुवायला गेली, आणि धप्प आवाज तिनं ऐकलाच नाही. त्याचीच तिला टोचणी लागली होती.

“चेहरा नाही दिसला, बाई. पण मला हसू आलं होतं. मेल्यानं कपडे उलटे घातलेत, असं वाटलं.”

“उलटे म्हणजे?”

“चेन पाठीला. मानेपासून खाली कमरेपर्यंत. लहान पोरांच्या झबल्याला मागं बंद असतात ना, तसं.”

बाईंनी ते वाक्य वहीत शब्दाला शब्द उतरवलं. हवालदार चुळबुळला. “उलटी घातली काय आणि सुलटी काय, बाई, जर्सी पांढरी. चिमणीला आणू का धरून?”

“आणू नको. आपण जाऊ.”

४

चिमणी संघाच्या मुक्कामाच्या खोलीत पलंगावर पाय भिंतीला वर लावून पडला होता. मास्तर गेल्याचं त्याला कळलं होतं. डोळे सुजलेले होते.

“साडेनवाला कुठं होतास?”

“इथंच. एकटा. टाइम ट्रायलच्या दिवशी मी कुणाशी बोलत नाही.” तो उठून बसला. “तुम्हाला वाटतंय मी मारलं. सगळ्यांनाच वाटतंय. खाली नाश्त्याला गेलो तर माझ्या टेबलावर कुणी बसेना.”

“काल भांडलास ना?”

“भांडलो. रात्री जेवताना ते स्वतः माझ्याकडे आले. म्हणाले, ‘पोरा, तू म्हणतोस म्हणून मी मानणार नाही, आणि तो म्हणतो म्हणूनही नाही. सकाळी जाऊन बघतो.’ मी त्यांच्या पाया पडलो. त्यांना मी कशाला मारू?”

हे खरं असेल किंवा नसेल, पण आकड्यांचं म्हणणं तेच होतं. मास्तर साडेदहापर्यंत जगले असते, तर पिवळी चिमणीच्या अंगावर आली असती. ते फाटकं पान चिमणीनं फाडायचं नाही, चौकटीत लावून ठेवायचं.

“तुझ्या पांढऱ्या जर्स्या दाखव.”

त्यानं दोन दाखवल्या, दोन्ही घामाच्या डागांच्या. चेन छातीवर, मागं तीन खिसे. आजच्यासाठीचा अंगाला चिकटणारा एकसंध पोशाख आयोजकांकडून नुकताच, अकरा वाजता आला होता. त्याचीही चेन पुढेच.

“पाठीला चेन असलेली कुठाय?”

चिमणी कडवट हसला. “ती मला कोण देणार? ती व्यासपीठावरची. टप्पा संपला की पहिल्या आलेल्याला वर बोलावतात, आणि मागून चढवता यावी म्हणून तिची चेन पाठीला असते. मळक्या कपड्यांवरून घातली, हात वर केले, फोटो काढले, झालं. ती घालून सायकल कुणी चालवत नाही. आणि ती खऱ्या धन्यालाच मिळते. मी नुसता वापरणारा. माझ्या हाती ती कधी आलीच नाही.”

बाहेर पडताना हवालदार कपाळाला हात लावून म्हणाला, “म्हणजे धाकटा?”

“धाकट्याला त्या गल्लीत शिरायला पांढरी कशाला हवी? पिवळी अंगात घालून तो ताठ मानेनं गेला असता.”

“मग त्यांचा मॅनेजर. कालच्या तक्रारीत धाकट्याची बाजू त्यानंच लढवली.”

“त्याच्या गळ्यात निळा पास आहे. त्यालाही सोंग घ्यायची गरज नाही.” बाई चालायच्या थांबल्या. “ज्याला पास नाही, त्यालाच जर्सी लागते. आता एकच प्रश्न उरला. धाकटा त्या जर्स्यांचं काय करतो?”

मधे पंचनामा उरकून त्या धाकट्याच्या संघाच्या बसपाशी पोचल्या तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती. धाकटा एक पस्तीसला सुटणार होता.

५

टाइम ट्रायलमध्ये सगळ्यांत मागचा आधी सुटतो आणि सगळ्यांत पुढचा शेवटी. एकेका मिनिटाच्या अंतरानं, एकेकटा. धाकटा संघाच्या बसमागं जागच्या जागी फिरणाऱ्या रुळांवर सायकल चालवत होता. पिवळा पोशाख अंगाला चिकटलेला, कोपराला कालच्या पडण्याची पट्टी. मॅनेजर आडवा आला.

“आत्ता नाही, बाई. हात जोडतो.”

“एकच विचारते.” त्या धाकट्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. “व्यासपीठावर मिळतात त्या पांढऱ्या जर्स्या कुठं ठेवतोस?”

धाकटा पाय न थांबवता बोलला. “दादाकडे. सगळ्या दादाकडे. वडील गेल्यापासून त्यानंच केलंय माझं सगळं. स्वतःची शर्यत सोडली. गुडघा गेला म्हणून सांगतो लोकांना, पण गुडघा नंतर गेला. पिवळ्या घरी आईला पाठवायच्या. पांढऱ्या मी त्यालाच दिल्या, म्हटलं, दादा, या तुझ्या, माझ्या वयात तुला मिळायला हव्या होत्या...”

बोलता बोलता त्याचे पाय मंदावले. रुळांची घरघर उतरत उतरत बंद झाली. त्यानं बाईंच्या तोंडाकडे पाहिलं, मग हवालदाराच्या टोपीकडे.

“कशाला विचारताय?”

बाईंनी वही उघडली.

“काल तू कुठं पडलास, तुला माहीत होतं?” त्यांनी विचारलं.

त्यानं कोपरावरची पट्टी चाचपली. मग म्हणाला, “पडल्यावर वर पाहिलं तर कमान समोर होती.”

समोर होती. म्हणजे अजून यायची होती.

मॅनेजरनं त्याचा दंड धरला. “चल. नऊ मिनिटं राहिलीत.” आणि धाकटा खरोखरच उठला, हेल्मेट चढवलं, आणि कुणी ओढत नेल्यासारखा सुटायच्या जागेकडे चालू लागला.

६

गाड्या लावायच्या मैदानात सामानाची व्हॅन शेवटच्या रांगेत होती. थोरला मागचं दार उघडून पायरीवर बसला होता. चौतिशीचा असेल, पोट नाही, खांदे अजून सायकलपटूचे. समोरून नाही, पण पाठीमागून कुणीही त्याला पंचविशीचा समजला असता. व्हॅनमधल्या रेडिओवर टाइम ट्रायलचं वर्णन चालू होतं. त्यानं तो बंद केला नाही, नुसता आवाज कमी केला.

“पेटी उघड,” बाई म्हणाल्या.

त्यानं पत्र्याची पेटी पुढं ओढली. कपडे इस्त्रीचे असावेत तसे घडी केलेले. चार टप्पे झाले होते, चार पांढऱ्या जर्स्या होत्या. तीन कोऱ्या. सगळ्यांत खालच्या जर्सीच्या बाहीवर लोखंडी कठड्याच्या गंजाचा तांबूस पट्टा होता.

“ही टाकून दिली असतीस,” हवालदार न राहवून म्हणाला, “तर आम्ही बोंबलतच बसलो असतो.”

“त्याची जर्सी कशी टाकणार?” थोरल्यानं इतक्या साधेपणानं विचारलं, की हवालदारानं मान खाली घातली.

मग त्यानं सांगितलं. सांगताना तो कुणाकडे बघत नव्हता. व्हॅनमध्येच झोपतो म्हणून पहाटे त्याला जाग होती. मास्तर ते चाक ढकलत अंतिम रेषेपासून निघाले, खाली वाकून आकडा बघत बघत गेले, आणि पुलाअलीकडे, जिथं धाकट्याची सायकल घासत गेल्याचा ओरखडा होता, तिथं बसून त्यांनी वहीत लिहिलं. हा त्यांच्या मागोमाग गेला होता; ते यानं लांबून पाहिलं. चिमणीची तक्रार मनावर घेऊ नका, हे सांगायला आदल्या संध्याकाळीच तो मास्तरांकडे गेला होता, आणि रखवालदारानं हाकललं होतं.

“पिवळी घालून गेलो असतो तर आळ त्याच्यावर आला असता. पांढरी घातली. कुणी पाहिलं तर चिमणी म्हणतील, हे डोक्यात आलं होतं. खोटं कशाला बोलू?”

“मारायलाच गेला होतास?”

“विनवायला गेलो होतो. चष्मा काढला, पाय धरले. म्हटलं, बारा वर्षं मी या पोराच्या मागं उभा आहे, एक पान फाडा. ते म्हणाले, ‘घड्याळाला भाऊ नसतो.’ मी पान ओढलं. ते सोडेनात. ओढत ओढत जिन्यापर्यंत आलो, आणि मी ढकललं.”

“आणि मग?”

“त्यांचा हात हलत होता.”

“तू काय केलंस?”

“मुठीतलं पान सुटेना. जेवढं फाटलं तेवढं घेतलं. ओलांडून गेलो.”

बाईंना आपल्या ताईची आठवण झाली. शिकायची हुशारी ताईची होती, पण वडिलांनंतर नोकरी धरली तिनं आणि वर्दी चढली बाईंच्या अंगावर. अशा माणसांचं देणं फिटत नाही, आणि ती मागतही नाहीत. पण जिन्याच्या तळाशी ज्याचा हात हलत होता, त्या म्हाताऱ्याला एक हाक पुरली असती.

“ओढाताणीत ढकललंस, तिथवर कुणीतरी तुझं ऐकून घेईल,” त्या म्हणाल्या. “ओलांडून गेलास, तिथून पुढं मीही ऐकणार नाही. उठ.”

त्यानं हात पुढं केले. मग म्हणाला, “तो पोचेपर्यंत थांबता? पंचवीस मिनिटं.”

“नाही,” बाई म्हणाल्या.

७

चौकीत जबाब संपला तेव्हा तीन वाजून गेले होते. पुतणीचा फोन आला. काकांच्या खुर्चीत बसून तिनं शहाण्णवांचे वेळ टिपले होते. मुख्य पंचांनी चाक पाहिलं होतं, रस्त्यावरचा ओरखडा पाहिला होता, आणि कालचा निकाल दुरुस्त केला होता. आकडे सांगताना तिचा आवाज एकदाही हलला नाही. आकडे संपल्यावर मात्र तिनं ते पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतले. बाईंनी घाई केली नाही.

त्या कोठडीशी आल्या तेव्हा थोरला भिंतीला पाठ लावून बसला होता.

“संपली?” त्यानं विचारलं.

“संपली.”

“धाकटा?”

बाई घुटमळल्या. सांगितलंच पाहिजे असं कायद्यात कुठं लिहिलेलं नव्हतं. पण उद्याच्या वर्तमानपत्रात सगळं येणारच होतं, आणि परक्यानं छापलेलं वाचण्यापेक्षा त्यानं हे समोरासमोर ऐकावं, असं त्यांना वाटलं.

“पहिला आला. चिमणीपेक्षा बावन्न सेकंदांनी लवकर. व्यासपीठावर गेला नाही. रेषा ओलांडली, सायकल तिथंच आडवी टाकली आणि पंचांना जाऊन सांगितलं की मी कमानीच्या अलीकडे पडलो होतो. शर्यत सोडली त्यानं.”

थोरला ऐकत होता, पण पहिल्या आकड्यापाशीच अडकला होता. आयुष्यभर त्यानं दुसऱ्याचे सेकंद मोजले होते. ही बेरीज करायला त्याला कागद लागला नाही. अडतीस सेकंद बेरजेत धरले असते, तर धाकटा सकाळी सतरा सेकंद मागं पडला असता. आणि दुपारी बावन्न कमावून वर आला असता.

“पस्तीस,” तो म्हणाला.

“हो.”

“मी काहीच केलं नसतं, तरी पिवळी त्याचीच होती. पस्तीस सेकंदांनी.”

थोरल्यानं दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबले आणि तो तसाच बसून राहिला. जरा वेळानं हवालदारानं पाण्याचा पेला गजांतून आत सरकवला. कुणी तो उचलला नाही.